बोर्डिंगात राहिलेला भाऊ

आये, माझं नाव तरी आठवतं का गं? जिवंत होतीस तेव्हासुद्धा सगळ्या शेरडांची नावं घेऊन मग माझ्यावर यायचीस. मी तुझी थोरली, अक्षर न आलेली. सांगतेय मी, लिहितेय माझी नात, हॉलंडात, आइंडहोव्हनमधल्या तिच्या स्वयंपाकघरात बसून. मध्येच "आजी, हळू" म्हणते. एवढं शिकवलं कशाला हिला?

आज जेवताना हिने पोराला दटावलं, "डच नको, मराठीत बोल, नाहीतर पॅनकेक मिळणार नाही." मी म्हटलं, "अगं, मराठी तरी माझ्या आईची कुठे? ती मला मिशनच्या बोर्डिंगात शिकवली, तीही गुडघे टेकायला लावून." ही म्हणाली, "आजी, हे कधी बोलली नाहीस." मग म्हटलं, घे वही.

बोर्डिंगातला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तू दोन डोंगर ओलांडून आम्हा भावंडांना भेटायला आलीयेस. अंगणात पोरींची भादरलेली डोकी बघतेस आणि तिथेच फतकल मारून मयताचं रडगाणं लावतेस. आपल्यात डोकं भादरतात ते घरातलं माणूस गेल्यावर. सिस्टर धावत आल्या, "अहो बाई, कोणी मेलं नाही, उवा झाल्या होत्या!" तू ऐकतेस थोडीच. "एवढ्या घरांत माणसं मेली नि ही उवांचं सांगते," म्हणालीस आणि माझा हात धरून मला घरी न्यायला निघालीस. मला अजून हसू येतं.

हसू इथपर्यंतच. फाटकाशी तू विचारलंस, "भाऊ रमलाय का?" मी म्हटलं, "रमलाय." त्याच सकाळी आपल्या बोलीत बोलला म्हणून त्याला खडीवर गुडघ्यांवर बसवलं होतं. दोघांना मागितलं तर एकालाही सोडणार नाहीत, अशी मला भीती. तो मागेच राहिला, खिडकीतून बघत होता. पुढे मास्तर झाला, माझ्या लेकरांना त्यानेच शिकवलं, म्हणून तर ही नात इथवर आली. पण तुझ्या शेवटच्या दिवसांत तू आपल्या बोलीत बोलायचीस नि त्याला एक शब्द कळायचा नाही. माझ्याकडे वळून विचारायचा, "काय म्हणते आई?"

मी खोटं बोलले होते, आये. त्यालाही कधी सांगितलं नाही. आता तो तुझ्याकडेच आहे, तू सांग.

नात विचारते, पत्ता काय घालू? म्हटलं, राहू दे वहीतच. तुला काही पाठवायचंच असेल तर नागलीची भाकर पाठव, वर खुरासणीची चटणी. त्याच्याच हातून पाठव. बघू, हे ऐकूनही येतो का.