ताईचा फोटो नव्हता म्हणून

मी, खाली सही करणारी, आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून पोट भरलेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. भावाला शंका असेल तर त्याने आधी स्वतःची तपासून घ्यावी.

१. राहत्या दोन खोल्या मी स्वकष्टाने घेतल्या आहेत. त्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला मिळावी. बापावरचा राग मी लेकीवर काढत नाही.

२. शिलाई मशीन माझ्याकडे शिकलेल्या शेजारणीला द्यावं. ते कापड उजवीकडे ओढतं. तिने सांभाळून घ्यावं.

३. थोरल्या भावाला काहीही देऊ नये. कारण लिहिते. आमची मधली बहीण, माझी ताई, एका दुपारी अस्तराचं कापड आणायला म्हणून बाहेर पडली ती परतली नाही. चौकीवर हवालदाराने फोटो मागितला. घरात तिचा एकच होता, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, आणि त्यातही तिने नेमकी मान वळवलेली. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा.

"यावरून कुणाला शोधायचं?" हवालदार म्हणाला.

"राहू द्या, साहेब," भाऊ म्हणाला. "गेली ती गेली."

पुढे नातेवाइकांत त्याने ती वारल्याचंच सांगून टाकलं. हे मी माफ केलेलं नाही.

४. कॅमेरा, फोटो मोठे करायचं यंत्र आणि लाल दिवा स्टुडिओवाल्यांना परत द्यावा. ताई गेल्यावर हा जुना कॅमेरा मी त्यांच्याकडूनच घेतला होता. यापुढे घरातलं कुणी फोटोशिवाय जाऊ नये, एवढाच हेतू. घरचे झाले, मग गिऱ्हाइकं, मग शेजारी, मग नुसती भिंतीवरून सरकणारी उन्हं. मोरीला काळा पडदा लावून फोटो धुवायलाही शिकले. छंद कधी जडला ते कळलंच नाही. दिवसच्या दिवस ताईची आठवण येत नसे.

मग एकदा बाजाराचा फोटो धुताना, पाण्यातल्या कागदावर एकेक माणूस उमटत असताना, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई उमटली. सगळा बाजार आपापल्या घाईत, आणि ती एकटी सरळ माझ्याकडे बघत होती. केस पिकलेले. पण ताईच.

स्टुडिओवाल्यांनी भिंग लावलं. "असेल. नसेलही. आणखी मोठा केला तर नुसते ठिपके दिसतील."

मी तो औषधवाल्याला दाखवला.

"या बाई? तुमचीच तर चौकशी करत होत्या. त्या फोटो काढणाऱ्या बाई कुठे राहतात म्हणून. मी सांगितला की पत्ता. आल्या नाहीत?"

नाही आली. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की मशीनच्या चाकावर माझा हात थांबतो. कधी कधी पाऊल दाराशी येऊन थबकतं. दार उघडावं, तर जिना रिकामा. घर बदल म्हणून भाची मागे लागली. मी बदललं नाही.

५. तो बाजारातला फोटो जाळून टाकावा. ताईला सापडायचंच नसेल, तर माझ्यामागे कुणी तिला त्यावरून ओळखू नये.

६. भाचीला जागा देताना एकच अट. दार वाजलं आणि बाहेर एखादी म्हातारी उभी असली, तर नाव-गाव न विचारता तिला आत घ्यावं.

"आत्या, ती कुणी भलतीच असली तर?" भाचीने विचारलं.

"असू दे. तिलाही टेकायला जागा लागेलच."

वरील मजकूर मी वाचला, डॉक्टरीणबाईंकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मगच सही केली.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:
(सही) वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
(सही) समोरच्या घरातले निवृत्त मास्तर

ठिकाण: राहतं घर, जिन्याकडची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०११