मी उतावळी नाय, खांड पडली होती

चि. जगन यास,

थोरली बहीण बायजा हिचे पोटभर आशीर्वाद. तू मला विसरलास त्याचं काही नाही, पण माणूस आपले दात विसरून रोह्याला जातो हे पहिल्यांदाच पाहिलं. तुझी कवळी इथे कासूला, फळीवरच्या पेल्यात सुखरूप आहे. रोज पाणी बदलते. गुडघे कसे आहेत? भावजय बरी आहे ना?

पत्र माझी नात किमया लिहिते आहे. (या प्रकरणात ती समोरच्या पार्टीची, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेते.) माणूस घाईत निर्णय कसा घेतो, याचा अभ्यास तिच्या पेणच्या कॉलेजात चालू आहे. त्यासाठी डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा चढवतात. आत दुसरंच जग. मान वळवाल तिकडे तेही वळतं. मला दिसली खाडी. होड्या येत होत्या, प्रत्येकीत मासळीची पाटी. हातातलं बटण दाबलं की ती पाटी आपली, पण एकदाच. जितका दम धराल तितकी पुढची पाटी मोठी. मला काय अवघड? मिठागरात जन्म गेला. पाणी आटून मीठ धरेपर्यंत फावडं न लावता बसणारी बाई मी. तीन होड्या सोडल्या. चौथी आली आणि पायाजवळच्या बांधातून पाणी पाझरताना दिसलं.

आता तूच सांग, बांधाला खांड पडताना दिसली तर आपल्याकडे कोण विचार करत बसतं? विचार करेपर्यंत सगळी शेतं खारी. हाताशी चिखल नसला तर माणसाने स्वतः भोकात बसायचं, आईने बसून दाखवलंय. 'खांड पडली गो, धावा' म्हणत मी बसले. मागे खुर्चीत परीक्षा घेणारे ऋत्विक सर होते. मी त्यांच्या मांडीवर. गडबडीत बटणही दाबलं गेलं. सर सभ्य, 'आजी, सावकाश उठा' एवढंच म्हणाले, आणि कागदावर मला उतावळी लिहिलं. (किमया म्हणते, 'आजे, तसं नाय लिहिलं, आकडा लिहिलाय.' मला आकडा वाचता येत नाही, पण तिचं तोंड वाचता येतं.)

हेही मनावर घेतलं नसतं. पण त्याच परीक्षेत तू सगळ्यात धीराचा ठरलास आणि धाटावपासून खांबपर्यंत गावोगाव सांगत सुटलास की बायजा पहिल्यापासून उतावळीच. जगन, मंगलाष्टकं संपायच्या आत हार घालून मोकळा झालेला माणूस तू. बटण दाबलं नाहीस, कारण चष्मा चढवल्यावर तुला झोप लागली. किमयाने फोनवर भरून घेतलेला आवाज ऐकवला. घोरणं आपल्याच घराण्याचं.

सोमवारी मी परत बसणार. सरांना सांगून ठेवलंय, खांड दिसली तर पुन्हा बुजवीन, तुम्ही खुर्ची लांब घ्या. बटण मात्र दाबणार नाही. माझ्या नावापुढचं ते पुसल्याशिवाय कॉलेजातून हलणार नाही.

तुझी,
बायजा

ता. क. सोमवारपर्यंत सराव हवा. हे पत्र घेऊन किमया येते आहे, तिच्याबरोबर पोपटीचं मडकं पाठव. भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास घेत, मडक्याच्या तोंडावरचा पाला न काढता, तासभर समोर बसून दाखवते.

आणखी ता. क. मडकी दोन पाठव. एक खाल्ल्याशिवाय दुसऱ्यासमोर धीर धरवत नाही. मडकी पोचेपर्यंत कवळी इथेच राहील, म्हणजे तिकडे कुणी चाखून बघणार नाही. शेंगा कोवळ्या घे, अंडी चार टाक, आणि मीठ आमच्या आगरातलंच घाल. पुडी किमयाकडे दिली आहे.