टीव्हीच्या मधोमध डाग

रविवार, १४ सप्टेंबर. सकाळी १०.
सुकन्या फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला लातूरला गेली आणि गेमचा कन्सोल घरीच ठेवून गेली. दिवाळीला, १८ ऑक्टोबरला येईल. तोवर टीव्हीवर चित्र असं करून ठेवायचं की पोरगी थक्क झाली पाहिजे. आम्ही बापलेक गाड्यांची रेस खेळतो. गेल्या दिवाळीत सलग सहा वेळा मीच जिंकलो. जिल्हा परिषदेचा तंत्रस्नेही शिक्षक आहे मी, प्रमाणपत्र आहे. आठ दिवसांचं काम.
अडचण एकच. स्क्रीनच्या मधोमध धुरकट डाग दिसतो. केबल जुनी असणार.

सोमवार, १५ सप्टेंबर.
नांदेडच्या वजिराबादेत चंद्रप्पाच्या दुकानातून नवी एचडीएमआय घेतली. जाड, विणलेली, फोर-केवाली. डाग आहेच. शिल्पा म्हणाली, शुगर तीनशेवर गेलीय, आधी डोळे दाखवून या. बायकोला केबलमधलं काय कळतं?

रविवार, २१ सप्टेंबर.
सेटिंगवर हल्ला. एचडीआर बंद केलं, डाग काळा झाला. चालू केलं, राखाडी. म्हणजे प्रगती आहे. रिझोल्यूशन फोर-केवरून १०८०वर आणलं, गेम मोड लावला, शार्पनेस शून्य केला, मग पन्नास. आता रस्त्याच्या कडा वाकड्या दिसतात. दाराची चौकटही वाकडी दिसते. बिल्डरनं काम निकृष्ट केलंय, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला विषय काढणार.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.
चंद्रप्पाला त्याच्याच टीव्हीवर केबल लावून दाखवायला लावली. तिथंही मधोमध डाग. म्हटलं, बघ, केबलच खराब आहे. चंद्रप्पा देगलूरचा, तोंडानं फटकळ. म्हणाला, सर, केबल लई चांगली हाय, मला तर चकाचक दिसून राहिलंय, तुमी डोळ्याच्या डॉक्टरकडं जावा.
दुकानदार बदलणे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
डाग आता कॅलेंडरवर आहे. शिल्पाच्या चेहऱ्यावरही आहे. ती हसत होती की डोळे वटारत होती ते कळलं नाही, म्हणून श्रीखंड दोनदा घेतलं. उद्यापासून गोड बंद. कडक.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
शाळेला उमरीला जाताना मोटरसायकलपुढं ट्रॅक्टर अचानक प्रकट झाला. थोडक्यात वाचलो. ट्रॅक्टरवाल्यांना शिस्त नाही. मागं बसलेले सोमेश सर तिथंच उतरले. उद्यापासून एसटीनं येतो म्हणाले. वाऱ्याचा त्रास होतो काही लोकांना.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.
शाळेत मुलांची डोळे तपासणी. बारा वर्षं अक्षरांचा तक्ता मीच भिंतीला लावतो, अक्षरांवर छडी मीच धरतो. आज तक्ता लावायचं काम सोमेश सरांकडं दिलं होतं. शिल्पाचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून आधी स्वतःची चाचणी घेतली. डावा डोळा झाकला, वीस फुटांवर उभा राहिलो, सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. एक अक्षर चुकलं नाही. मग सोमेश सर हळूच म्हणाले, सर, तक्ता कपाटातच हाय अजून. ह्यो दुपारच्या खिचडीचा बोर्ड हाय.
तरी ओळ बरोबरच होती.
दुपारी ३. हजेरीपटात एकाच चौकोनात दोनदा सही केली. चहा जास्त झाला.

सोमवार, १३ ऑक्टोबर.
सकाळी दात घासताना उजव्या डोळ्यापुढं काळे धागे उतरले. वरून खाली, सावकाश. डावा डोळा झाकून पाहिलं तर आरशात कुणीच नव्हतं. आरसा दोनदा पुसला. शिल्पाला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. सुकन्या आली की दाखवून येऊ. पाच दिवसांनी असा काय फरक पडतो?
कलर रेंज 'फुल' करून पाहायची राहिली आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळ.
सुकन्या सकाळी आली. पहिल्या रेसमध्ये माझी गाडी सुरुवातीच्या भिंतीलाच घासत राहिली. तिला वाटलं मी मुद्दाम हरतोय. नंतर तिनं कंट्रोलर खाली ठेवला आणि आईला हाक मारली.
दुपारी डॉक्टर. उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय, आतला पडदा सुटलाय. शुगरमुळं. त्या डोळ्यानं फारसं दिसेल अशी आशा धरू नका म्हणाले. महिनाभर आधी यायला पाहिजे होतं. डाव्यात इंजेक्शनं सुरू करायची. तो वाचेल का, असं शिल्पानं दोनदा विचारलं. प्रयत्न करू, म्हणाले.
घरी आल्यावर सुकन्यानं पुन्हा टीव्ही लावला. म्हणाली, बाबा, चित्र खरंच भारी केलंय तुम्ही. मी विचारलं, काय काय दिसतंय? ओला रस्ता, त्यात दिव्यांचे रंग, लांबवर डोंगर, डोंगरावर बर्फ, असं ती एकेक सांगत गेली.
टीव्हीत काहीच दोष नव्हता. मला ते कधीपासून माहीत होतं. मला फार भीती वाटते आहे. हे इथं लिहून उपयोग नाही, आत जाऊन शिल्पाला सांगतो.