गेल्यावर काय करायचं ते विचारणारे बाबा

१ ऑक्टोबर

आले एकदाची बुलढाण्यात! सुलतानपूरहून निघताना आईनं शेंगदाण्याची चटणी दिली, ज्वारीचं पीठ दिलं, आणि सूचना इतक्या दिल्या की पिशवीपेक्षा त्याच जड झाल्या. चिखली सोडल्यावर एसटीच्या खिडकीतून गार हवा लागली आणि मला उगाचच हसू आलं. समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसलेल्या राखीला नोकरी लागली म्हणायची!

नोकरी कसली, हे शेजारणींना सांगताना आई जरा अडखळते. रुग्णालयात कुणी वारलं की घरच्यांनी पुढं काय करायचं, ते त्यांना नीट समजावून सांगायचं. तळमजल्यावर लिफ्टशेजारी माझं टेबल आहे, समोर बाकडं आणि खिडकीत कडुनिंब. मला जागा आवडली.

४ ऑक्टोबर

काम हळूहळू अंगवळणी पडतंय. रडणाऱ्या माणसाला एका दमात सगळं सांगून उपयोग नसतो. आधी बसवायचं, पाणी द्यायचं. मग डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला. त्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळतं का ते तिथंच पाहायचं, नाहीतर पुढं बँकेत आणि तलाठ्याकडे वारस लावताना फार त्रास होतो. अपघात किंवा विषबाधा असेल तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. अंगावरचे दागिने दोघांसमोर ताब्यात घ्यायचे. नेण्याआधी घरच्यांपैकी कुणीतरी चेहरा पाहायचाच. मग शववाहिका, आणि मृत्यूचा दाखला नगर परिषदेतून.

शववाहिका कलीमभाई चालवतात. पन्नाशीचे, मनमिळाऊ. रोज चहा आणून देतात. आज अमीरबी नावाच्या बाईंचे यजमान गेले. सगळं आटोपल्यावर त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. दिवसभर तो हात आठवत राहिला.

८ ऑक्टोबर

दुपारी एक म्हातारे बाबा आले. स्वच्छ पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर रुमाल, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या मजल्यावरच्या भगवानरावांचं नाव घेऊन त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "मानूस गेल्यावर घरच्यायनं काय काय करा लागते, ताई?" मी म्हटलं, भगवानराव तर आहेत अजून. ते म्हणाले, हाव, पण माहीत असलेलं बरं.

मला त्यांचा समंजसपणा आवडला. सगळं सांगितलं. प्रत्येक गोष्ट ते हळू आवाजात माझ्यामागून म्हणत होते, शाळेत कविता पाठ करतात तसं.

संध्याकाळी भगवानराव गेले. त्यांच्या मुलाला मी म्हटलं, तुमच्याकडच्या त्या म्हाताऱ्या बाबांनी सगळं विचारून घेतलंय. त्याला काही कळेना. असे कुणी बाबा त्यांच्यात नाहीतच.

११ ऑक्टोबर

ते बाबा परत आले. या वेळी प्रसेनजितचं नाव घेतलं. कॉलेजातला मुलगा, मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला. सकाळीच मी त्याला आईशी हुज्जत घालताना पाहिलं होतं, वडापाव पाहिजे म्हणून. मी बाबांना म्हटलं, अहो, त्याला उद्या घरी सोडणार आहेत. ते हसले आणि तोच प्रश्न परत विचारला. म्हातारं माणूस, विसरलं असेल, म्हणून मी पुन्हा सांगितलं. अपघात, म्हणून पंचनाम्याचंही सांगितलं.

मी बोलायची थांबले आणि लिफ्टजवळ धावपळ सुरू झाली. प्रसेनजित. डॉक्टर म्हणाले, पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली.

वळून पाहिलं तर बाकडं रिकामं होतं.

१२ ऑक्टोबर

कलीमभाईंना विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनाही ते बाबा दिसतात. सगळ्यांनाच दिसतात. दवाखान्यात कोण कुणाचा नातेवाईक, हे कुणी विचारत नाही. माझ्याआधी या टेबलावर गजेंद्र होते. ते एके दिवशी बोलायचेच थांबले. आता रोहिणखेडला घरी असतात. मी फोन लावला. त्यांच्या बायकोनं सांगितलं, आजार काही नाही, जेवतात, शेतात जातात. फक्त तोंड उघडत नाहीत. लेकरांशीसुद्धा नाही.

कलीमभाई एवढंच म्हणाले, "पुछेंगे तो बोलना मत, मॅडम."

१५ ऑक्टोबर

रुखमाबाईंचं नाव घेतलं बाबांनी. ऐंशीच्या पुढच्या आजी, गोड बोलणाऱ्या. मी ओठ घट्ट मिटून बसले. त्यांनी पुन्हा विचारलं. न रागावता. मी मान हलवली. ते म्हणाले, मी थांबतो.

जिंकल्यासारखं वाटलं मला.

१६ ऑक्टोबर

सकाळी डॉक्टरांनी रुखमाबाई गेल्याचं सांगितलं. ईसीजीची रेघ सरळ. तोंडावर चादर ओढली. मुलगा किसनराव रडत माझ्याकडे आले, म्हणून मी त्यांच्यासोबत वर गेले.

चादरीखालून आजींनी विचारलं, "किसना, दिवस कोनता हाये?"

सगळे मागं सरले. सिस्टरनं नाडी पाहिली. नाही. दुसरं मशीन आणलं. रेघ सरळच. आणि आजी पाणी मागतायत. किसनराव वेड्यासारखे हसत सुटले, माय परत आली म्हणून सगळ्यांच्या पाया पडले.

मी आजींचा हात धरला होता. इतका गार हात मी आजवर फक्त खालच्या शीतगृहात—

१७ ऑक्टोबर

आजींची बोटं काळीनिळी पडली आहेत. पापणी मिटत नाही. त्या वॉर्डात आता वास येतो. बाकीचे रुग्ण हलवले.

जीभ जड झाली आहे तरी त्या बोलतात. दुखते म्हणतात. सगळं दुखते. "मले कोनं अडकवून ठेवलं बे किसना? जाऊ दे ना मले."

किसनराव आता हसत नाहीत. जिन्यात बसून भिंतीवर डोकं आपटत होते.

बाबा बाकड्यावर. पिशवी मांडीवर.

१८ ऑक्टोबर

सांगितलं. मीच जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं, दाखल्यापासून नगर परिषदेपर्यंत. ते माझ्यामागून म्हणत होते. मी रडत होते तर त्यांनी खांद्यावरचा रुमाल पुढं केला. तो ओला होता.

वरून किसनरावांचा हंबरडा ऐकू आला. मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं.

राजीनामा दिला. महिनाअखेर थांबा म्हणतात.

२२ ऑक्टोबर

हर्षलदादाचा फोन. त्याच्या छकुलीला डेंग्यू. पेशी फार कमी झाल्यात, बुलढाण्याला आणतोय, तू आहेस ना तिथं. मी म्हटलं इथं नको, अकोल्याला ने, कुठंही ने. दादा चिडला. येडी झाली का, म्हणाला, लेकराले ताप आहे आन् तू दूर पाठवून राह्यली.

आणलं. याच रुग्णालयात. दुसरा मजला.

२५ ऑक्टोबर

पेशी वाढल्या! छकुलीनं आज पोटभर खिचडी खाल्ली. आत्या, माझ्या बाहुलीलाही सलाईन लाव म्हणाली. उद्या सुट्टी. वहिनी सामान आवरतेय.

बाबा दिसले नाहीत. आजही नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळ

आले.

माझ्या टेबलासमोर. छकुलीचं पूर्ण नाव घेतलं. दादाचं नाव, आडनाव, गाव. मग तोच प्रश्न.

मी पळत वर आले. ती ठीक आहे. हात ऊन आहे. ऊन आहे. मी सोडणार नाही तिचा हात.

आजींसारखं झालं तर? नाही. आजींची वेळ झाली होती. हिची नाही. मी तोंड उघडणार नाही. कुणी काही विचारलं तरी नाही. वहिनी विचारतेय काय झालं. मी मान हलवते. लिहीत बसते. पेन चालू राहिलं की जीभ गप्प राहते.

दुपार

सुट्टीचे कागद तयार झाले. वहिनी औषधं आणायला खाली गेलीय. दादा आत्ता इथंच होता— गाडी बोलवायला बाहेर गेला असेल. छकुली झोपलीय. श्वास नीट. मोजत नाही, बघतेय फक्त.

मी बोलले नाही. एक शब्द नाही. आता गाडीत बसलो की—

दाराबाहेर दादाचा आवाज. कुणाला तरी समजावून सांगतोय, सावकाश, म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसं. मागच्या साली आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा सगळं त्यानंच केलं होतं. त्याला सगळं माहीत आहे—

आधी डॉक्टरचा दाखला घ्या, बाबा, म्हणतोय. मंग आधारवरचं नाव—

आणि त्याच्यामागून हळू आवाजात कुणीतरी—

दादा गप्प बस— दादा

छकुलीचा हात