झेंडूचा हार आणि काळा धूर

आत्याबाई, आज खंडेनवमी. सकाळी इंजिन पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घालायला हात उचलला, तर तो आपसूक हवेच्या नळीकडे गेला. मला इतकं हसू आलं की नातसून विचारायला लागली, आजी, काय झालं? तिला काय सांगणार? हसायला सोबत हवी ती तुमची, आणि तुम्हाला जाऊन तर जमाना लोटला. म्हणून कागद घेऊन बसले.

ते वर्ष आठवतंय ना? मामंजी वारलेले, तुमचा लेक सोलापूरच्या कापडगिरणीत, आणि वैरागच्या पेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या आपण दोघी, सासू आणि सून. गावात कुणाला कौतुक, कुणाला पोटदुखी. चुलतसासरे तर टपूनच बसलेले. "वैनी, बाईमाणसाच्या हातात इंजान टिकतं व्हय? इकून टाका." तुम्ही दाद दिली नाहीत. पण दसरा झाला, दिवाळीच्या दळणांची रांग लागली आणि नेमकी तेव्हाच इंजिनाने मान टाकली. मोकळं असलं की बरं चालायचं. दगडाला पट्टा चढवला की धापा टाकायचं, धुराड्यातून काळाकुट्ट धूर, आणि पीठ जाडंभरडं. "बाजाराच्या दिवसापातूर नीट झालं न्हाय, तर घेणारा आणतो मी," असं ते म्हणाले. तेव्हा मी खरी घाबरले. गिरणी गेली की भाकरीसाठी त्यांच्याच दारात उभं राहायचं, हे दोघींनाही कळत होतं.

तुम्ही पदर खोचलात. मी म्हणाले, तेलात पाणी गेलं असेल. "पाणी गेलं तर धूर पांढरा येतो. मगाधरनं काय बघतीयास? आदी धूर बग, मग हात लाव!" दगड सैल करून पाहिला, तरी तेच. धुराड्याचं वाकण उतरवून काजळी खरवडली, दोघींची तोंडं तव्यासारखी झाली, तरी तेच. मग तुम्ही जमिनीवर बसकण मारलीत. "चुलीत लाकडं लई झाली, वारं कमी पडलं, की असाच धूर हुतो बग." ते ऐकून मी उठले आणि चालत्या इंजिनाच्या हवेच्या नळीपाशी तळहात धरला. एरवी हात ओढला जायचा. आज जेमतेम गुदगुली. इंजिन थांबवून नळी सोडवली, तर आतल्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा! पूजेचा हार आपण हाताने काढत नाही, सुकून आपोआप पडू देतो. तो तुम्हीच त्या नळीला घातला होता, "त्याचं तोंड हाय ते" म्हणून. इंजिन सुरू झाल्यावर त्याने तो गिळला. तुम्ही त्या लगद्याकडे बघत राहिलात आणि मग पदर तोंडात कोंबून हसलात. "अगं बया, पूजा केली का मुंडी मुरगाळली मी त्याची!"

चुलतसासरे घेणाऱ्याला घेऊन आले, तेव्हा दगड गरगरत होता आणि धूर इतका विरळ की बघायला डोळे बारीक करावे लागत होते. तुम्ही काय म्हणालात? "भावजी, दळण आणलंय व्हय? रांगेत ठेवा की." ते गेल्यावर इंजिन सुरू करायचं हँडल माझ्या हातात दिलंत. "उद्यापासनं तूच फिरव." माहेरचं कुठलंच लुगडं मला तेवढं गोड वाटलं नव्हतं.

आता विजेची मोटार आहे, पण वीज गेली की अजून तेच इंजिन. परवा ते सुरू करून नातसून आधी बाहेर जाऊन धूर बघून आली. मी तिला कधी शिकवलं, मलाच आठवत नाही. आता हे पत्र टाकायचं कुठे? तुम्ही हार घातलात त्याच जागी राहू दे म्हणून घडी करून नळीच्या तोंडात सरकवलंसुद्धा. मग चटकन काढून घेतलं. खरं सांगते आत्याबाई, तुम्ही ओरडाल अशी भीती वाटली.