हीटरचा पंखा आणि आंबोलीचा घाट

डिचोली, २ ऑगस्ट १९८७, रविवार.
सेजलचा बेळगावहून ट्रंककॉल. गणेशचवथीला दीड महिन्याच्या बाळाला घेऊन माहेरी येते म्हणाली. जावयाला रजा नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, मी कार घेऊन न्यायला येतो. सुमंगला माझ्याकडे बघतच राहिली. बायकोचा एवढा विश्वास फार थोड्यांच्या नशिबी.
कार सासऱ्यांची. पोर्तुगीज अमदानीतली, जर्मन बनावटीची, हीटरसकट. पावसात काचेवर आतून धुकं धरतं, ते हीटरच्या पंख्याने जातं. म्हणून संध्याकाळी पंखा लावून पाहिला. डॅशबोर्डच्या आत कोणीतरी किंचाळलं. मी शांतपणे बाहेर आलो. चप्पल आत राहिली.

५ ऑगस्ट.
पंखा पुन्हा लावला. आधी फुसफुस, मग किंचाळी. फुसफुस म्हणजे लांबडंच. घाबरलो नाही, फक्त शेजारच्या दत्तारामला बोलावलं. काठी त्याच्या हातात, टॉर्च माझ्या. टॉर्चचं काम जास्त जबाबदारीचं. दत्ताराम ओरडला, “कृष्णनाथबाब, फाटकाकडच्यान उजवाड पावना हांगा!” टॉर्च जुना आहे, फाटकापासून उजेड पोचत नाही.
साप नव्हता. उंदराचं घरटं निघालं, चिंध्या आणि भाताचं तूस.
संकल्प: पंखा स्वतः दुरुस्त करणे. गोवा घटक राज्य झाला, आता मेकॅनिकच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं?

८ ऑगस्ट.
पंखा काढला, पुसला, बसवला. एक स्क्रू उरला. जर्मन लोक जास्तीचा देत असावेत. मशीनचं तेल घरात नव्हतं, खोबरेल घातलं. आवाज बंद! आम्हा हेडक्लार्क मंडळींना लोक उगाच कमी लेखतात.

९ ऑगस्ट, रविवार.
सर्वणच्या रस्त्यावर ट्रायल. सुमंगला शेजारी. पंखा थोडा वेळ गप्प राहिला. मग जाळीतून धूर आणि खोबरेल करपल्याचा वास. मी मदत आणण्यासाठी बाहेर पडलो. गाडी तेव्हा चालू होती, पण अगदी हळू. ती आपली पुढे गेली. सुमंगलाने हँडब्रेक ओढला तेव्हा पुढचं चाक बांधाला लागलं होतं. आग वगैरे काही नव्हती.
घरी येऊन तिने जेवण वाढलं. मग म्हणाली, “उडी मारच्या आदीं म्हाका एक हाक तरी मारपाची!”
मी समजावलं. चालक आधी सुरक्षित हवा, तरच तो बाकीच्यांना वाचवणार. ती पानावरून उठून गेली. बायकांना शास्त्र पटत नाही.

१४ ऑगस्ट.
बाबली मेकॅनिक येऊन गेला. मोटर जळलीय, पार्ट मिळायचा नाही म्हणतो. मी पातं बोटाने फिरवून पाहिलं, फिरतं. म्हणजे पंखा निम्मा दुरुस्त आहे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार.
सुमंगला कदंबच्या बसने एकटीच बेळगावला गेली. रविवारी सेजल आणि बाळाला घेऊन बसनेच येणार. मी कारचा विषय काढला तर छत्री उचलून चालू लागली.
घर फार शांत आहे. दुपारी जरा डोळा लागला. गाडी उताराने चाललीय, सुमंगला आत, आणि माझे पाय जमिनीला चिकटलेले. दचकून उठलो. कोकम सरबतामुळे पित्त झालं असावं.

२३ ऑगस्ट, रविवार, सकाळ.
निर्णय पक्का. कार घेऊन निघतोय. ती बसमध्ये चढायच्या आत बेळगाव गाठायचं.

२४ ऑगस्ट.
काल लिहवलं नाही.
सावंतवाडीपर्यंत ठीक. आंबोलीचा घाट अर्धा चढलो आणि बाहेर धुकं, आत वाफ. पंख्याचं बटण दाबलं. काही नाही. काच पांढरी झाली. दरी डाव्या हाताला की उजव्या, तेच कळेना. ब्रेक दाबून वळणावर उभा राहिलो. खाली उतरावं तर पाय कुठे पडेल याची भीती. बसून राहावं तर मागून ट्रक. देवाचं नाव घ्यायला गेलो, तोंडून सुमंगलाचं आलं.
वरून बस आली. करकचून थांबली. हॉर्न, शिव्या, कंडक्टर. मग खिडकीवर टकटक. सुमंगला!
मी बेळगावला येत होतो, एवढंच मला सांगता आलं.
“दिसता म्हाका,” ती म्हणाली.
माझी बोटं स्टिअरिंगवरून तिने एकेक करून सोडवली. लोकांनी ढकलून गाडी वळवून दिली. सेजलला तिने सांगितलं, तू बाळाला घेऊन बसने पुढे हो. मला वाटलं, तीही जाणार. दार उघडून ती माझ्या शेजारी बसली.
पार दाणोलीपर्यंत पदराने काच पुसत होती. डावीकडे, हळू, आता उजवीकडे. मी एकदाच विचारलं, भीती वाटते का? “वाटता तर,” म्हणाली, आणि पुसत राहिली.
घरी पोचलो तेव्हा सेजलने दिवा लावला होता, बाळ रडत होतं. तिने ते माझ्या मांडीवर दिलं. माझे हात अजून थरथरत होते. बाळ हळूहळू गप्प झालं, डोळे मिटले.
सेजल म्हणाली, “बाबा, छान झोका देताय. थांबू नका.”