तिला नुसतं वाटतंय

११ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोज दहा ओळी लिहायच्या. पक्का.
काल मृणालिनीचा बेंगळुरूहून मेल आला. इंग्रजीत. बायको नवऱ्याला इंग्रजीत लिहिते याचं माझ्या वडिलांना, अण्णांना, आश्चर्य वाटतं. मला नाही. गेले आठ महिने ती तिथल्या कंपनीत शाळेचे ऑनलाइन धडे तयार करते, दिवसभर इंग्रजीच चालतं. शिवाय माझं इंग्रजी तिला माहीत आहे. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात बावीस वर्षं ड्राफ्टिंग करतोय.
मेलचं पहिलं वाक्य: ‘आय फील वी शुड लिव्ह सेपरेटली फ्रॉम नाऊ ऑन.’
तीनदा वाचलं. घाबरण्यासारखं काही नाही. क्रियापद बघा. फील. निर्णय झाला असता तर ‘इट हॅज बीन डिसायडेड’ असं आलं असतं. आमच्या ऑफिसातून आजवर एकही पत्र फील करत गेलेलं नाही. तिला नुसतं वाटतंय. थंडी वाटते तसं. जाईल.

१२ जानेवारी
उत्तर पाठवलं. दोन परिच्छेद. तुझ्या भावनांची नोंद घेतली आहे, पण तू भावनेच्या भरात लिहिते आहेस, असा आशय. टोन संतुलित.

१९ जानेवारी, दुपारी, ऑफिसात
तिचं उत्तर: ‘आय ॲम सॉरी यू फील दॅट वे.’
सॉरी! आठ दिवसांत! अण्णांना लगेच फोन करून सांगितलं की तिने माफी मागितली. अण्णांनी विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, मेलमध्ये तपशील नाही.
(दहा ओळींचं जमत नाहीये. ऑफिसात ऑडिट आहे.)

२ फेब्रुवारी
महाशिवरात्रीला घरी, काशीला ये म्हणून लिहिलं होतं. उत्तर आलं: ‘आय वुड लव्ह टू, बट आय ॲम अफ्रेड आय कान्ट.’
एका ओळीत प्रेमही आणि भीतीही. प्रेमाची काळजी नाही, भीतीवर काम करायला हवं. गर्दीची भीती असणार, त्या दिवसांत गोदौलियाकडून पायीसुद्धा निघता येत नाही. लिहिलं, घाबरू नकोस, मैदागिनला घ्यायला येतो, आतल्या गलीने रामघाटावर आणतो.

४ फेब्रुवारी
उत्तर: ‘इट्स जस्ट ॲन एक्स्प्रेशन, विश्वेश.’
माझं नाव लिहिलंय. आधीच्या तीन मेलमध्ये नव्हतं. प्रगती.

१६ फेब्रुवारी
शिवरात्र झाली. ती आली नाही. गीझर दुरुस्त करून ठेवला होता, तिच्या कपाटातल्या जाळ्याही काढल्या होत्या. वाया काही जात नाही.
सकाळी संकठाघाटाच्या पायऱ्यांवर निवेदिता भेटल्या. आपल्यातल्याच, इथल्या मराठी, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. एका मित्राची केस म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, इंग्रजी बोलणारे मत सांगतानाही फील म्हणतात. थिंक म्हटलं की टोचतं, म्हणून. कारण द्यायचं असलं तरी फीलच: ‘आय फील इट इज नॉट वर्किंग’ म्हणजे भावना नाही, ते कारण झालं. अफ्रेडमध्ये भीती नसते, नकार असतो. आणि ‘सॉरी यू फील दॅट वे’ ही माफी नव्हेच. तुम्हाला तसं वाटतं तर वाटो, माझं मत बदलत नाही, असा त्याचा अर्थ.
मग विचारलं, मृणालिनी कशी आहे? म्हटलं, मित्र काशीचा नाही.

१७ फेब्रुवारी
निवेदितांचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. ती परंपराच वेगळी. मृणालिनी नाशिकच्या मराठी शाळेतली. ती फील लिहिते तेव्हा फीलच करत असणार.

८ मार्च, सकाळी
मोठा मेल. ‘आय वुड बी हॅपी टू मीट अ लॉयर विथ यू’ असं वाक्य आहे. वकील ठीक, पण हॅपी. किती महिन्यांनी तिने हा शब्द लिहिला.
अण्णांना वाचून दाखवला. त्यांचा सकाळचा वेदपाठ संपला होता, शिकायला येणारी मुलं निघून गेली होती. अण्णा म्हणाले, मला मराठीत सांग.
सांगू लागलो. मला वाटतं आपण आता वेगळं व्हावं. मला वाटतं त्यात दोघांचंही भलं आहे. मला वाटतं आपण खूप वाट पाहिली. मोठ्याने वाचताना हे जरा वेगळंच ऐकू येत होतं. मध्येच थांबून मी अण्णांना समजावलं की वाटतं म्हणजे नुसतं वाटतं, ठरवलेलं नाही.
अण्णांनी उपरण्याची घडी केली. मग म्हणाले, “विश्वेश, मला वाटतं आज इथे थांबावं, असं मी म्हटलं की मुलं पोथ्या बांधतात. मला काय वाटतंय हे कुणी विचारत बसत नाही.”
अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इंग्रजी येत नाही.

१० मार्च
अण्णांना पुरावा द्यायचं ठरवलं. मृणालिनीचे जुने मेसेज शोधायचे, जिथे तिने फील म्हटलं आणि नंतर ते गेलं, असे. फोनमध्ये ‘फील’ टाकून सर्च केलं.
फार नाहीत. सगळ्यात जुना अडीच वर्षांपूर्वीचा. मी ऑफिसात होतो, ती घरी. ‘आय फील सो अलोन हिअर.’
खाली माझं उत्तर. मुद्देसूद. एक, घरात तीन माणसे आहेत. दोन, आत्या रोज दुपारी येतात. तीन, रामघाटासारखी वस्ती नाशिकला मिळणार नाही. सबब, एकटं असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कृपया फेरविचार व्हावा.
त्यानंतर तिचं काही नाही. थेट दुसऱ्या दिवशी: येताना कोथिंबीर आण.
आणखी एक सापडला. ‘आय फील नोबडी आस्क्स मी एनीथिंग.’ त्यावर मी: कोणी, काय विचारणे अपेक्षित आहे ते स्पष्ट करावे.
तिने स्पष्ट केलेलं नाही.
ड्राफ्टिंग चांगलं आहे. एकही चूक नाही.
ही दोन वाक्यं निवेदितांना दाखवली तर त्या काय सांगतील ते मला माहीत आहे. इथे फील म्हणजे फीलच होतं.

११ मार्च
लिहिण्यासारखं काही नाही.

१९ मार्च
पाडवा. अण्णांनी एकट्यानेच गुढी उभारली, मी स्टूल धरलं. मृणालिनी परवा येते आहे, वकिलाच्या कामासाठी, दोन दिवस. सिगऱ्याला हॉटेलात उतरणार. तिला काय विचारायचं याचे मुद्दे काढायला बसलो. मग कागद फाडला. मुद्दे काढायचे नाहीत.

२१ मार्च, दुपारी ४
सकाळी कचहरीजवळ वकिलाकडे गेलो. अर्ज तयारच होता. तिने सही केली, मी केली. वकिलाने इंग्रजीत सगळं समजावलं. त्याच्या अर्जात फील कुठेच नाही.
मग ती कपडे आणि पुस्तकं न्यायला घरी आली. अण्णांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवून जा म्हणाले. ती जेवली. वरण तिनेच वाढलं, सवयीने.
कपाट रिकामं करताना मी विचारलं, हे सगळं इंग्रजीत का लिहिलंस?
साडीची घडी तशीच हातात धरून ती म्हणाली, “मराठीत लिहायला घेतलं की मला रडू यायचं. वाक्यच पुरं व्हायचं नाही. इंग्रजीत निदान पुरं होत होतं.”
मी म्हणालो, मला वाटलं होतं की तुला नुसतं वाटतंय.
“आधी नुसतंच वाटत होतं, विश्वेश. तेव्हाही सांगितलं होतं.”
मी विचारलं, आता? ती म्हणाली, आता काही वाटत नाही, झोप लागते. हे बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो.

२२ मार्च, सकाळी ११
घरी ठेवलेलं सामान न्यायला ती हॉटेलातून आली. तिची मोठी बॅग मी उचलली. मैदागिनपर्यंत चालत गेलो. गलीत समोरून बैल आला तेव्हा ती नेहमीसारखी माझ्या मागे झाली, मग बाजूला.
ऑटोत बसल्यावर तिने विचारलं, “तू ठीक आहेस ना?”
मी म्हणालो, “आय ॲम फाइन.”
ती माझ्याकडे बघत होती. अजून काही येईल असं तिला वाटलं असावं. मलाही वाटत होतं. ऑटोवाल्याने गाडी सुरू केली.
परत येताना कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने विचारलं, बहूजी आयी हैं क्या?
“आयी थीं,” मी म्हणालो.